अर्ध्या किलोचं वजन आणि पहिलं पिस्तूल

मी घेतलेलं पहिलं एअर पिस्तूल दिसायला झकास होतं. काळंकुळकुळीत, हातात घेतलं की भारदस्त वाटणारं, आत स्प्रिंग, नळी मोडून म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरायचं. शहरातल्या दुकानदारानं ‘मॅडम, पॉवर बघा याची’ म्हटलं आणि मी पॉवर बघितली. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत नुकतीच क्रीडाशिक्षिका म्हणून लागले होते. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल चालवली होती, तेवढ्या जोरावर पोरांना नेमबाजी शिकवायला निघाले होते.

पहिल्याच आठवड्यात नळी मोडलेली असताना माझंच बोट ट्रिगरला लागलं. आतली स्प्रिंग सुटली, नळी फाटकन वर आली आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. दोष पूर्ण माझा. पण तो अंगठा चोखत बसले असताना डोक्यात आलं, की हेच एखाद्या पोरीच्या बोटाला झालं असतं तर तिच्या आईनं मला गावात राहू दिलं नसतं.

खरी गोची पुढं कळली. स्प्रिंगच्या पिस्तुलाची नळी मोडायला जोर लागतो. सहावी-सातवीतल्या पोट्ट्या दातओठ खात, पिस्तूल मांडीला टेकवून ती मोडायच्या आणि त्या झटापटीत नळीचं तोंड कधी शेजारणीच्या पोटाकडं, कधी माझ्याकडं. ‘नळी कायम टार्गेटकडं’ हा पहिला धडा मी तोंडानं शिकवत होते आणि ते पिस्तूल दर छर्‍याला तो मोडायला लावत होतं. वर ते स्प्रिंगचं असल्यानं रिकामं चालवायचं नाही, पिस्टन आपटून खराब होतो. म्हणजे ड्राय प्रॅक्टिस बंद. नवशिक्याचा निम्म्याहून जास्त सराव छर्‍याशिवाय व्हायला हवा आणि माझ्या पिस्तुलाला तेच चालत नव्हतं.

मग एका रविवारी टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, दोन्ही हात टेकवले आणि १० मीटरवरून पाच छर्रे मारले. चहाच्या बशीत मावतील एवढे पसरले. या खेळाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. हत्यारच बशीभर चुकत असेल तर पोरानं ट्रिगर ओरबाडला की पिस्तुलानं दगा दिला, हे मला कसं कळणार? आणि त्या पोराला तरी कसं कळणार? तेव्हापासून पिस्तूल निवडताना मी हेच आधी बघते: चूक झाली तर ती मुलाचीच दिसली पाहिजे.

आता थोडं कायद्याचं, कारण पालकसभेत पहिला प्रश्न तोच येतो. .२२ किंवा .३२ ची खरी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर शस्त्र अधिनियम १९५९ खाली येतात, त्याला परवाना लागतो. ४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, बिल देतो. ते बिल शाळेच्या फाइलला लावा आणि एक झेरॉक्स पिस्तुलाच्या पेटीत ठेवा. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास फेकतं, म्हणजे जेमतेम सहा ज्यूल. तरी डोळा फुटायला तेवढं पुरतं, म्हणून चष्मा सगळ्यांना, मलासुद्धा.

कोणी म्हणतं, शिकायचंच तर खर्‍या गोळीवर का नाही? कारण आवाज आणि धक्का. नवशिका दोन-चार गोळ्यांतच धक्क्याची वाट बघायला लागतो, गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतो, मनगट खाली दाबतो. ही खोड एकदा लागली की काढायला वर्ष जातं. ज्यांना पुढं नेमबाज राही सरनोबतसारखं खर्‍या गोळीनं २५ मीटरवर खेळायचं असेल त्यांनी सावकाश तिकडं वळावं. पाया एअर पिस्तुलावरच घालावा.

(आमच्याकडं पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ, त्यामुळं बारूद हा शब्द लोक जपूनच उच्चारतात. आणि सेवाग्रामही याच जिल्ह्यात. माझे खादीवाले सासरे पहिलं पिस्तूल बघून म्हणाले होते, ‘सूनबाई, चरखा शिकवायचा सोडून हे काय?’ हल्ली तेच टार्गेटचे कागद मोजून ठेवतात.)

शेतकर्‍यांचा प्रश्न वेगळा असतो. हरभर्‍यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं घुसतात, त्यामुळं कोणीतरी हमखास येतं, ‘मॅडम, यानं डुक्कर मरते काय?’ मरत नाही, नुसतं जखमी होतं, आणि वन्यजीव कायदा आहे, असं सांगितलं की ‘मंग एवढ्या पैशाचं घेतलं काहून?’ या प्रश्नावर माझ्याकडं अजून उत्तर नाही.

तर एअर पिस्तूल घ्यायचं ठरलं. मग आत हवा कशी भरायची त्यावर बाकी सगळं ठरतं.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांवर चालणारी पिस्तुलं स्वस्त मिळतात आणि हुबेहूब खर्‍यासारखी दिसतात. पोरं त्यावरच भाळतात. विदर्भात ती घेऊ नका. या वायूचा दाब तापमानाप्रमाणं बदलतो. २० अंशाला साधारण ५७ बार असतो, ३१ अंशाच्या वर तर तो नळकांड्यात द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्यानं चढतो. आमचा मे महिना ४५ अंशांचा. डिसेंबरच्या सकाळी साधलेला नेम एप्रिलच्या दुपारी वर सरकलेला असतो आणि पोर बिचारं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवत बसतं. उन्हात उभ्या गाडीत अशी नळकांडी विसरणं तर धोक्याचंच. त्यातली काही पोलादी गोल छर्‍यांवर चालतात. ते छर्रे पत्र्यावर आपटून उलटे येतात, त्यामुळं वर्गात त्यांना प्रवेश नाही.

दुसरा प्रकार एका दट्ट्याचा. बाजूची किंवा खालची दांडी एकदा उघडून मिटली की एका छर्‍यापुरती हवा दाबली जाते. दर वेळी दाब तोच, धक्का जवळपास नाही, सिलिंडर नाही, पंप नाही. खेड्यातल्या शाळेला मी हेच सांगते. रशियन बायकलचं जुनं मॉडेल असो की गॅमोचं साधं, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं. रबरी सील तेवढं सुकतं. एकच खोट आहे, दांडी मिटताना शेवटच्या वितीला जोर लागतो. लहान मुलांसाठी पहिले काही महिने दांडी मी मिटते, छर्रा ती भरतात. साठ छर्‍यांनंतर माझा दंड भरून येतो, तेवढा व्यायाम मला झेपतो.

तिसरा, सिलिंडरचा. स्पर्धेतली मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी ही सगळी पिस्तुलं या जातीची. २०० बारला भरलेल्या सिलिंडरवर दीडशेच्या आसपास छर्रे जातात, भरायला कष्ट नाहीत. नवं घेतलं तर लाखाच्या पुढं जातं, म्हणून लोक जुनं शोधतात. जुनं घेताना पिस्तुलाच्या आधी सिलिंडर बघा. त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडवतात. आमच्याकडं एक ‘जवळजवळ नवं’ पिस्तूल आलं होतं, सिलिंडरची मुदत संपायला चार महिने उरले होते. नवं सिलिंडर मागवण्याचा खर्च ऐकून मुख्याध्यापकांनी तो महिना माझ्याशी बोलणं टाकलं. आणखी एक, हातपंपानं हवा भरणार असाल तर पावसाळ्यात तिच्याबरोबर ओलावाही आत जातो. फिल्टर लावा.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की साधा? इथं साधाच, कारण बिघडलं की दुरुस्ती लांब. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, बराच वेळ त्यात गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. तिला तिथं मदतीला माणसं होती. आमच्या इथून दुरुस्ती करणारा शोधायचा तर दिवस मोडून नागपूर नाहीतर थेट पुणं. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाचं कांस्य घेऊन आली, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले आणि दुसर्‍या दिवशी अकरा मुली नावं द्यायला आल्या. पिस्तुलं दोन होती.

आता ते अर्ध्या किलोचं वजन. नियमाप्रमाणं एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो. तपासायचं कसं, तर छर्रा न भरता पिस्तूल कॉक करायचं, म्हणजे उडवायला सज्ज करायचं, नळी सरळ आढ्याकडं धरायची, ट्रिगरला वाकवलेल्या तारेनं वजन अडकवायचं आणि हळूहळू जमिनीवरून उचलायचं. वजन अधांतरी झालं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. मी गावातल्या किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन आणलं, तार त्याच्याच पोत्याची. माझ्या त्या झकास पिस्तुलाला हे वजन लावलं, ट्रिगर हलला नाही. एक किलो लावलं, नाही. दोन किलोचं वजन जोडल्यावर कुठं तो कसाबसा सुटला. ज्या पोरीच्या बोटाला दोन किलो ओढायचे आहेत ती सगळा पंजा आवळते, आणि पंजा आवळला की नळी खाली जाते. उजव्या हाताच्या पोराचे छर्रे सारखे डावीकडं खाली जात असतील तर पोराला रागावण्याआधी वजन लावून बघा.

सुरुवातीला ५०० च्या थोडं वर, ६००–६५० ग्रॅमवर ट्रिगर ठेवते. फार हलका ठेवला तर मुलांची बोटं साइट जुळायच्या आधीच चळतात.

पण सगळ्यात जास्त भांडण मुठीवरून होतं, म्हणजे ग्रिपवरून. दुकानात पिस्तूल बघायला मोठी माणसं जातात, मोठ्या हातांनी उचलतात आणि ‘बढिया’ म्हणतात. चालवणार असते तेरा वर्षांची, चिमुकल्या पंजाची पोर. तिचं बोट ट्रिगरवर पोचत नाही, म्हणून ती पंजा फिरवून घेते, आणि मग पुढचं सगळंच वाकडं. पिस्तूल बघायला जाताना वर्गातला सगळ्यात लहान हात सोबत न्या. तिला मूठ धरायला लावा, डोळे मिटून हात टार्गेटकडं उचलायला सांगा, मग डोळे उघडायला सांगा. फ्रंट साइट मागच्या खाचेत मधोमध, दोन्हीकडं सारखा उजेड दिसला तर मूठ जमली. एका बाजूला चिकटलेली दिसली तर ग्रिप घासावी लागेल. लाकडी असेल तर कानस आणि लांबी (भरायची पुट्टी) पुरते.

आमच्याकडं आठवीत एक डावखुरी पोर होती. उजव्या हाताच्या ग्रिपवर ती तीन महिने उजव्या हातानं मारत राहिली आणि मला वाटत राहिलं की तिचा हात थरथरतो. एकदा डबा खाताना बघितलं, सगळं डाव्या हातानं. तिला दोन्ही तळहातांच्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितला. डावा डोळा मिटला की घड्याळ गायब. म्हणजे नेमाचा डोळाही डावाच. डाव्या हाताची ग्रिप मागवायची तर महिने जातात, म्हणून मी आमच्या मिस्त्रीकडं उजवी ग्रिप घेऊन गेले. त्यानं ती उलटसुलट केली, दाढीच्या आरशासमोर धरली आणि आरशातलं बघून सागवानाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या. ‘हे असं पाह्यजे न मॅडम?’ अक्रोडाच्या लाकडासारखी सुबक नाही झाली, सागवान जरा तेलकटही असतं, पण तिच्या पंजात बसली. पुढच्या पंधरवड्यात तिची थरथर बरीच गेली.

पिस्तुलाच्या वजनाचं थोडक्यात. नियमानं दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात, मुलांसाठी आखूड आणि हलकी येतात ती बघा. स्पर्धेत ६० छर्रे, ७५ मिनिटं, एका हातानं. पिस्तूल द्यायच्या आधी मी पाण्याची एक लिटरची बाटली देते. आधी अर्धी भरून, खांद्याच्या रेषेत धरायला, दर आठवड्याला दोन घोट वाढवून. भरलेली बाटली जिला अर्धा मिनिट न हलता धरता येते, तिला पिस्तूल.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि गुणांवरून तंटे होतात. छर्रा शिशाचा असतो, म्हणून सराव संपला की आधी साबणानं हात, मग चिवडा. हा नियम मोडणारी पोट्टी दुसर्‍या दिवशी टार्गेट चिकटवायला बसते. आमची रेंज म्हणजे जुन्या जिनिंगचं गोदाम. टार्गेटमागं लाकडी खोका, त्यात ठासून चिंध्या, त्यामागं जाड पोलादी पत्रा. कापसाच्या गावात चिंध्यांना तोटा नाही.

सध्या चार पिस्तुलं आहेत, तीन दट्ट्याची, एक सिलिंडरचं. ते पहिलं झकास पिस्तूल स्प्रिंग काढून कपाटात आहे. नव्या मुलांना ‘हे का नको’ दाखवायला बाहेर काढते. सागवानाची ग्रिप एकाच पिस्तुलाला बसते, आणि डावखुरी पोट्टी एक होती, यंदा दोन झाल्यात. मिस्त्रीला परवाच सांगून आले, आरसा तयार ठेव.