व्यवसायावर लिहिताय? मग एकदा त्या लेखनाचा हिशेब मांडा

गोव्यात फोंड्याला माझं घरबांधणी आणि दुरुस्तीचं काम. त्याच विषयावर आठ वर्षं लिहितोय. थोडं वर्तमानपत्रात छापून आलं, बाकीचं घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जात राहिलं. गेल्या पावसाळ्यात मात्र पार कंटाळा आला. कोणासाठी हा उद्योग? बंद करण्याआधी हिशेब मांडून पाहिला, तो कसा मांडला ते सांगतो. डॉक्टर, वकील, सीए, बागायतदार, कोणालाही जमेल.

आधी सगळं जुनं लेखन एका जागी आणा आणि वहीत प्रत्येक लेखापुढे चार रकाने आखा: विषय, कधी लिहिला, कोणासाठी, आणि लिहिल्यावर काय झालं. खरी परीक्षा चौथ्या रकान्यात. 'छान लिहिलंय' हा शेरा तिथे धरायचा नाही. कोणी फोन करून पुढचं विचारलं, कोणी लेख दाखवून गवंड्याशी हुज्जत घातली, काम मिळालं, किंवा तेच ते समजावण्यातला तुमचा अर्धा तास वाचला, तरच नोंद करा. माझ्या साठेक लेखांपैकी जेमतेम अकरांपुढे काही लिहिता आलं.

त्या अकरांत भूकंपरोधक रचनेवरचा माझा लाडका लेख नव्हता. होते ते असे: मंगळुरी कौलांचं छप्पर दोन उतार मिळतात तिथेच का गळतं, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत ओल का धरते, घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचं) असेल तर दुरुस्तीआधी कोणते कागद बघावेत. म्हणजे मी लिहीत होतो इतर इंजिनिअरांवर छाप पाडायला, आणि वाचत होता बादली घेऊन गळतीखाली उभा असलेला घरमालक!

मग शिळं झालेलं निवडा. दर, कायदे, मुदती असलेले लेख बाजूला काढून तपासा. माझ्या खर्चाच्या एका अंदाजात सिमेंटवर 28 टक्के जीएसटी धरला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झालाय. अशा लेखाच्या डोक्यावर निदान तारीख हवी.

चुकीचं लिहिलेलं शोधणं त्याहून जड जातं. 'चिऱ्याच्या जुन्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, ओल थांबेल,' असं मी ठासून लिहिलं होतं. चिरा सच्छिद्र. त्यात पाणी जमिनीतून चढतं, फटींतून शिरतं, आणि सिमेंट त्याची बाहेर पडायची वाट अडवतं. माझ्याच सल्ल्याने गिलावा केलेल्या एका घरात दुसऱ्या पावसाळ्यात आतून पोपडे सुटले. तिथे चुन्याचा गिलावा हवा होता, त्यातून ओल बाहेर पडते. लेख गुपचूप काढून टाकावा असं फार वाटलं. तसं करू नका. चूक कोणती, का झाली, हे वरच लिहून तोच लेख पुन्हा पाठवा. त्यावर मला जेवढे फोन आले तेवढे कशावरच आले नाहीत.

किती कामं लेखनामुळे मिळाली तेही मोजा, त्यात लाज कसली?

आता पुढची दिशा. एकच वाचक ठरवा आणि तो कागदावर एका ओळीत लिहून काढा. माझी ओळ: 'वडिलोपार्जित चिऱ्याचं घर, हातात थोडे पैसे, मुलगा मुंबईत.' नवा विषय सुचला की ही ओळ वाचतो. त्या माणसाच्या कामाचा नसेल तर सोडून देतो. शब्दही त्याचेच. आमचं गिऱ्हाईक घरात कोंकणी बोलतं, पेपर मराठीत वाचतं, म्हणून पुस्तकी 'जलरोधन' मी कधीच सोडलं, 'गळती' पुरते.

शेवटी वेळ. तुमच्या वाचकाचं वर्ष कसं चालतं ते मांडून घ्या. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो, म्हणजे छपराचा लेख एप्रिलमध्ये हातात पडायला हवा. रंगाचा चवथीच्या पुष्कळ आधी. मी छपरावर दरवर्षी जुलैत लिहायचो. तेव्हा कौलं परतायला वर चढायला कोणीच तयार नसतं.