व्हिएतनामची ट्रिप प्लॅन करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचा पहिला प्लॅन सांगते म्हणजे कळेल. आठ रात्री, आणि त्यात हनोई, सापा, हालाँग बे, दा नांग, होई आन, सायगॉन (म्हणजेच हो ची मिन्ह सिटी) आणि शेवटी फु क्वोक बेटाचा बीच. नवऱ्याने एक्सेलमध्ये रंगबिरंगी चौकोन करून ते बसवलं होतं, आणि बसलंही होतं हो, फक्त त्यात माणसं झोपणार कधी हा कॉलमच नव्हता. शेवटी सापा आणि फु क्वोक कापलं, तरीही पाच ठिकाणं राहिली, आणि जे काही चुकलं ते बहुतेक त्या पाचमुळेच चुकलं.

मूळ गोची नकाशाची आहे. व्हिएतनाम आपल्या कोकणपट्टीसारखा चिंचोळा दिसतो म्हणून वाटतं की एका टोकाकडून निघालो की सरसर खाली उतरत जाऊ. पण हनोई ते सायगॉन रेल्वेने १,७२६ किमी आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही बरंच जास्त, आणि तिथे राजधानी वगैरे नाही, गाडीला तीसपेक्षा जास्त तास लागतात. मग सगळे फ्लाइट घेतात आणि इथे दुसरी चूक होते, कारण हनोई-दा नांग सव्वा तासाचं फ्लाइट आहे असं आपण धरतो. हॉटेलमधून बॅगा काढा, नोई बाय एअरपोर्टला पाऊण तास, दोन तास आधी पोचा, उतरल्यावर बॅगेची वाट बघा, मग होई आनला अजून पाऊण तास टॅक्सी (होई आनला ना एअरपोर्ट आहे ना रेल्वे स्टेशन). गेला की नाही अख्खा दिवस? म्हणून प्लॅन करताना ठिकाणं मोजू नका, बॅगा किती वेळा भरायच्या ते मोजा. आठ रात्रींत तीन मुक्काम ठीक, चार म्हणजे ताणलंच, आणि पाच म्हणजे आम्ही.

यात रात्रीची बस किंवा ट्रेन घेऊन हॉटेलचे पैसे वाचवू असं एक डोकं नेहमी चालतं. हनोईहून रात्रीच्या ट्रेनने लाओ काय, तिथून तासाभरात वर सापा, हे खरंच छान आहे, पण तुम्ही पहाटे पोचणार आणि रूम मिळणार दुपारी दोनला. पंचविशीत चालतं. सोबत सासूबाई असतील तर सरळ आदल्या रात्रीचं पण बुकिंग करा किंवा लवकर चेक-इन आधी विचारून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मराठी लोकांना खास सांगायला हवं कारण आपण जातो ते दिवाळीच्या सुट्टीत. "व्हिएतनामचं हवामान" अशी एक गोष्टच नाहीये. उत्तर, मध्य आणि दक्षिण, तिघांचं वेगळं चालतं. दक्षिणेत पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. मध्य भागात, म्हणजे हुए, दा नांग, होई आन, तो सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जोरात. म्हणजे बरोब्बर आपली दिवाळी! होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर आहे, नदी चढली की रस्त्यातून होड्या चालतात. आम्हाला पूर नाही लागला पण तीन दिवस नुसती पिरपिर, कंदिलांचे फोटो छत्रीखालून काढले, बूट शेवटपर्यंत वाळले नाहीत आणि तिथल्या ‘मी सोन’ नावाच्या जागेतल्या देवळांना आम्ही गेलोच नाही. त्याची मला अजून हळहळ आहे, चौथ्या शतकापासूनची, तिथल्या जुन्या चाम राजांची शिवाची देवळं, तीही व्हिएतनामच्या जंगलात, आपल्या लोकांनी ते बघायलाच हवं.

मग दिवाळीत जायचंच नाही का, तर जा ना, फक्त मधला भाग गाळा. तेव्हा उत्तरेत हवा मस्त असते, हनोई, निन्ह बिन्ह, हालाँग निवांत करा आणि तिथून थेट सायगॉनला उडा, दक्षिणेतला पाऊस तोवर ओसरायला लागलेला असतो. होई आनच हवं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा. फेब्रुवारीत मात्र बऱ्याचदा तेत येतो, त्यांचं चांद्र नववर्ष, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे, त्याच्या आगेमागे सगळा देश गावाला जातो, तिकिटं मिळत नाहीत आणि बरीच दुकानं बंद.

हालाँगच्या क्रूझबद्दल एकच सांगते, परतीच्या दिवशी संध्याकाळचं फ्लाइट घेऊ नका. बोट धक्क्याला लागते दुपारच्या आसपास, मग हनोईला अडीच-तीन तास, आणि वाटेत ड्रायव्हर मोत्यांच्या दुकानात थांबवणारच. आम्ही धावत पोचलो. त्यापेक्षा ती रात्र हनोईत काढा. हवा बिघडली तर बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, जून ते ऑक्टोबर वादळांचा सीझन असतो, तेव्हा क्रूझ रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या, आणि त्या दिवशी निन्ह बिन्हला जा. दोन तासांवर आहे, तसेच चुनखडीचे डोंगर, फक्त समुद्राऐवजी भाताची शेतं आणि नदी.

मुंबईहून हनोई आणि सायगॉन दोन्हीकडे थेट फ्लाइट आहे, तर हनोईत उतरा आणि सायगॉनहून परत या, रिटर्न तिकीट स्वस्त दिसतं म्हणून पुन्हा वर जाऊ नका. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर आंतरराष्ट्रीयहून देशांतर्गत विमानाला किमान चार तास ठेवा, दोन्ही शहरांत टर्मिनल वेगळी आहेत, इमिग्रेशनची लाइन असते, बॅग घेऊन परत टाकायची असते. हँडबॅगही स्वस्त विमानांत ७ किलोच, आणि ते खरंच वजन करतात.

ई-व्हिसा. २५ डॉलरला एकदा प्रवेशाचा, ५० ला अनेकदा प्रवेशाचा, ९० दिवसांपर्यंत मिळतो, आणि सरकारी साइट एकच आहे, सर्चमध्ये वर येणाऱ्या बाकीच्या एजंटांच्या. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि फॉर्म भरताना लोक ते गाळतात! पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं भरा, तिकिटावर पण तेच. चूक लक्षात आली तर ती तशीच ठेवून "बघू एअरपोर्टवर" करू नका, फी परत मिळत नाही पण नवीन अर्ज करा, विमानातच बसू दिलं नाही तर त्यापेक्षा कितीतरी जास्त जाईल. फु क्वोकला व्हिसा लागत नाही हे खरं आहे, पण थेट तिथेच उतरून ३० दिवसांच्या आत तिथूनच बाहेर पडलात तर. पुढे सायगॉनला जाणार असाल तर व्हिसा लागतोच.

स्कूटर भाड्याने देताना तुम्हाला कोणी लायसन्स विचारणार नाही, पण आपल्या आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ वालं मानतं, त्यामुळे अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करू शकतो. ‘हा जांग’ या उत्तरेतल्या डोंगराळ भागात जायचं असेल तर तिथल्याच ड्रायव्हरच्या मागे बसा.

शाकाहारी मंडळींनी "चाय" हा शब्द लक्षात ठेवा, चहा नाही, त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहारी. पाटीवर तो शब्द दिसला की बिनधास्त आत शिरा. नुसतं "नो मीट" म्हणालात तर भाजीत फिश सॉस येणारच, ते लोक त्याला मीट धरत नाहीत, आणि फो म्हणजे त्यांचं नूडल सूप, त्याचं पाणी हाडांचंच असतं.

आणि नोटा. एका रुपयाला साधारण ३०० डाँग, त्यामुळे सगळेच लखपती. पण २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळसर, अंधारात सारख्याच दिसतात. सासऱ्यांनी शहाळ्याला वीस हजार समजून पाच लाखाची दिली, म्हणजे सोळा-सतराशे रुपये, आणि ऐटीत पुढे चालायला लागले. शहाळेवाली बाई हाका मारत मागे आली, नोट परत दिली, आणि त्यांच्या पाकिटातून बरोबर वीस हजारची स्वतःच काढून घेतली. तेव्हापासून मोठ्या नोटा सासूबाईंच्या पर्समध्ये.