संघटनात्मक वर्तन शिकवायचंय? आधी फौंड्रीत जा

संघटनात्मक वर्तन, म्हणजे संस्थेत माणसं कशी वागतात याचा अभ्यास, आमच्या रोजच्या बोलण्यातलं 'ओबी', कॉलेजात शिकवायचं ठरवलं असेल तर नेटचं (प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं) पुस्तक उघडण्याआधी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, पाळी बदलताना जाऊन उभे राहा. कोण कुणाला काय सांगून घरी जातो आणि काय सांगायचं टाळतो, ते बघा. आमचा विषय तिथून सुरू होतो.

पात्रतेचं थोडक्यात सांगते. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के, मग नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा); संशोधन करायचं तर पीएचडी. 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, पण विनाअनुदानित संस्थेत तेवढं मिळेलच असं नाही. रुजू होण्याआधी पगार, तासिका आणि संशोधनाला मिळणारा वेळ हे तिन्ही स्पष्ट विचारून घ्या. विचारायला संकोच करू नका.

खरं काम पुढे आहे. एका फौंड्रीत मी दोन पाळ्यांची रिजेक्शनची (बाद झालेल्या नगांची) रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकात नोंदी मोजक्याच, आणि कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द: 'वाळू' (साचा वाळूचा असतो). दुसऱ्यात नोंदी भरपूर: 'कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) ओला होता', 'ओतायला उशीर, धातू थंड'. पहिली पाळी सरस वाटावी असा हा कागद. पण मशीन शॉपमधून ब्लो होल (धातूत वायूमुळे पडलेलं भोक) निघून परत येणारे नग जास्त करून त्याच पाळीचे होते. तिथला सुपरवायझर चूक सांगणाऱ्यावरच खेकसायचा, मग कोण लिहिणार?

संघटनात्मक वर्तनाच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांना तिथल्या रुग्णालयांत असंच दिसलं होतं. चांगल्या चमूंच्या औषध देण्यातल्या चुका जास्त नोंदल्या गेल्या, कारण तिथली माणसं मोकळेपणानं बोलत होती. 1999 च्या त्यांच्या लेखानंतर 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक सांगितली तर त्रास होणार नाही हा भरवसा, ही कल्पना आमच्या विषयात पक्की बसली. तो लेख मी आधीही शिकवत होते; रजिस्टर वाचल्यावर तो वर्गात नीट सांगता यायला लागला.

म्हणून नवीन संशोधकांना माझा आग्रह असतो: प्रश्नावली सुपरवायझरच्या हातून वाटू नका. सगळ्या खुणा 'सहमत'वर येतील आणि त्यावर केलेलं गणित कितीही बिनचूक असलं तरी हाती काही लागणार नाही. आधी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ओळख वाढवा. वेळ जातो, जाऊ द्या. पीएचडीला किमान तीन वर्षं द्यायचीच आहेत.

फौंड्रीत ओळख नसेल तर गावातल्या दूध संस्थेची वार्षिक सभा आहेच. सभासद हाच मालक, तरी सभेत कोण बोलतो, कोण मागं बसून गप्प राहतो, अहवाल किती मिनिटांत 'मंजूर' होतो, हे वहीत उतरवा. मार्गदर्शक निवडताना ती वही त्यांच्यापुढे ठेवा. जे ती उघडून प्रश्न विचारतील, त्यांच्याकडेच नाव नोंदवा.