चोणकासाठी रबरी आमिष: खारफुटीत टाकण्याआधी घरीच पारखा

मोकळ्या पाण्यात मासे धरायचं कुठलंही रबरी आमिष झकास शेपूट हलवतं. खरा प्रश्न असतो, ते खारफुटीच्या मुळांत शिरून परत येतं का, हा. मी पहिल्याच सकाळी चार आमिषं मुळांना अर्पण करून आलो होतो, तेव्हापासून आधी घरी परीक्षा घेतो.

ही आमिषं मुळात अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठीची. निक क्रीमने 1949 साली ओहायोत रबरी गांडूळ ओतलं. गळाचं टोक आमिषातच लपवणारी मांडणी, म्हणजे टेक्सास रिग, नंतर रुजली. तो बास आपल्याकडे नाही. पण चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, तसाच आडोशाला दबा धरून बसतो.

आधी आमिष गळावर नीट चढवा. चार इंची रबरी मासोळीला 4/0 मापाचा, रुंद पोटाचा ऑफसेट (दोरीच्या टोकाशी वाकवलेला) गळ पुरतो. टोक नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून हनुवटीखाली बाहेर काढा, गळ मागे ओढून वळवा, मग टोक पोटातून वर पाठीकडे न्या आणि कातडीखाली अलगद लपवा. आमिष सरळ राहिलं पाहिजे. जरा वाकडं बसलं, तरी पाण्यात ते गरगरतं आणि दोरी पिळते.

आता बोटांची परीक्षा. आमिष पाठ-पोट धरून दाबा. सहज दाबल्यावर टोक बाहेर आलं पाहिजे. जोर लावावा लागला, तर आमिष गळाच्या मानाने जाड आहे. मासा तोंड मारेल, पण गळ रुतणार नाही. माझ्या मते हीच परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच बहुतेक जण करत नाहीत.

मग बादली. वजन न लावता सोडून पाहा, बुडतं की तरंगतं? मीठ मिसळलेलं रबर लवकर बुडतं. घरचं पाणी गोडं आणि खाडीचं खारट, त्यामुळे तिथे ते थोडं सावकाश बुडेल.

यानंतर अंगणात आंब्याच्या वाळक्या फांद्यांची मोळी टाका, टोक तोडलेला जुना गळ लावा आणि आमिष तिच्यातून दहा वेळा ओढा. दोनदा अडकलं तर चालेल. त्याहून जास्त अडकलं, तर नाकाशी 7 ते 10 ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं वजन लावून, ते काडीने घट्ट अडकवून पुन्हा ओढा. सैल वजन आमिषाच्या पुढे निघून जातं आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूला पडतं.

शेवटी खाडी. ओहोटीला जाऊन मुळं कुठे आहेत, त्यांवर कालवं किती चिकटलीत ते बघून ठेवा. कालवं दोरी सुरीसारखी कापतात. म्हणून 40 पौंड ताण सोसणारी वेणीची दोरी आणि पुढे जाड नायलॉनचा तुकडा. खाजणाच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीच्या) मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, ओहोटीचं पाणी बाहेर पडू लागलं की शेवटे मासे, सुंगटं (कोळंबी) त्याबरोबर वाहतात आणि चोणक तिथे येतो. तिथेच पहिली गरी. गोव्यात चोडणच्या पक्षी अभयारण्यात मात्र नको, आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, पाण्यात उतरू नका.

धक्का लागताच झटका देऊ नका. दोरी ताठ होऊ दे, मग जोरात खेचा आणि माशाला लगेच मुळांपासून दूर घ्या. हातात आल्यावर कल्ल्याच्या धारेपासून बोटं जपा. फाटलेलं रबर पिशवीत घालून घरी आणा.