जुन्या फड बंधाऱ्यावर खुला दिवस भरवताना

बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याचे, जे जुने दगड-चुन्याचे बंधारे आहेत, ते नुसते बांधकाम म्हणून दाखवायला गेल्यास दहा मिनिटांत संपतात. पाणी खेळताना दाखवले तर अर्धा दिवसही अपुरा पडतो. म्हणून तारीख धरताना रविवार पाहण्याआधी पाणी पाहावे. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झाल्यापासून खालच्या बंधाऱ्यांचे उन्हाळी पाणी बरेचसे आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी पाणी सोडण्यावर, असते. आवर्तनाच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात आणि पहिला दिवस सोडावा, कारण त्या दिवशी पाणी गढूळ असते आणि पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचे पाणी शेतांना देणाऱ्या माणसाला, बोलायला फुरसत नसते. आमच्या पहिल्या खेपेला आवर्तन चार दिवस पुढे गेले आणि नाशिकहून आलेल्या पाहुण्यांनी कोरड्या पाटात उभे राहून माहिती ऐकली.

ग्रामपंचायत आणि पाणीवापर संस्था यांची लेखी संमती लागतेच. पण त्या दिवशी ज्याची पाणी घेण्याची पाळी असेल त्या शेतकऱ्याला स्वतः जाऊन विचारावे, कारण प्रात्यक्षिक त्याच्याच शेतात होणार असते.

माहिती थोडक्यात सांगावी : बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे सहसा चार फड, म्हणजे भाग, पाडलेले असतात, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फेरपालट करायची, पाणी पाटकऱ्याने द्यायचे, उभे पीक जागल्याने राखायचे. पुढचे पाटकऱ्यावर सोपवावे. तो फावड्याने चारीचे तोंड फोडतो, ओल्या मातीची ढेकळे आणि गवताचा बोळा लावून शेजारचे तोंड बुजवतो आणि वाफा भरत आला की नुसत्या आवाजावरून ओळखतो. तो अहिराणीत बोलत असेल तर बोलू द्यावे. शहरी पाहुण्यांसाठी अर्थ सांगणारा एक जण शेजारी उभा करावा.

मुलांना पाणी मोजायला लावावे. पाटाचा सरळ १० मीटरचा तुकडा दोरीने आखून त्यात ज्वारीच्या ताटाचा तुकडा सोडावा आणि वेळ धरावी. समजा, २० सेकंद लागले, पाट ६० सेंटीमीटर रुंद आणि पाणी ३० सेंटीमीटर खोल असले, तर हिशेब सेकंदाला ९० लिटर निघतो. मात्र पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जोरात धावत असल्याने त्याचे ८५ टक्के, म्हणजे सुमारे ७६ लिटर धरावेत. हा आकडा स्वतः काढल्यावर मुले पाटात कागद टाकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

बंधाऱ्याच्या माथ्यावर शेवाळ असते; तिथे कोणालाही चढू देऊ नये, दोरी काठापासून दूर बांधावी आणि एका वेळी पंधरांहून जास्त माणसे नेऊ नयेत. जेवण भाकरी, ठेचा आणि पिठल्याचे पुरे, पण पंगत पाटापासून लांब बसवावी. पाहुणे परतल्यावर प्रात्यक्षिकासाठी फोडलेली तोंडे पाटकऱ्यासोबत फिरून पुन्हा तपासावीत, कारण रात्रीची पाळी दुसऱ्याची असते.