दिवाळीत फरशी कशी जपावी आणि डाग कसे काढावेत

दिवाळीत फरशीवर तेल, मेण, हळद-कुंकू आणि रांगोळी हे सगळे सांडणारच. पण फरशी कायमची खराब होते ती बहुतेक वेळा डाग काढण्याच्या घाईत केलेल्या उपायांनी. म्हणून आधी आपल्या घरात कोणती फरशी आहे हे नीट माहीत असावे. संगमरवर, शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आणि जुन्या मोझॅक फरशीतही संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवलेले असतात. अशा फरशीवर लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमसाठीचे अ‍ॅसिड पडले की दगडाचा वरचा थर विरघळतो, चकाकी जाते आणि जो पांढरट चट्टा उमटतो तो पुसून निघत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्स अ‍ॅसिडला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, मात्र त्यांच्या सांध्यांमधले सिमेंट झिजते. साफसफाईच्या घाईत अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करण्याचा प्रकार तर मुळीच करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पणत्यांची तयारी आदल्या दिवशी करावी. मातीची कोरी पणती तेल पिते आणि ते तळातून फरशीवर झिरपते. तिला काही तास पाण्यात बुडवून, मग बाहेरून कोरडी करून वापरली तर तेल कमी शोषले जाते. तरीही प्रत्येक पणतीखाली छोटी ताटली ठेवावीच. रांगोळीसाठी उंबऱ्याबाहेरची साधी फरशी उत्तम, आणि घरात काढायचीच असेल तर पाटावर किंवा प्लायच्या तुकड्यावर काढावी, म्हणजे ती पायांनी घरभर पसरत नाही. रांगोळीची पूड खरखरीत असते. चपलेखाली आली की पॉलिश केलेल्या फरशीवर बारीक ओरखडे उठतात. फुलबाजीची तापलेली तार आणि नागगोळी यांना घरात व गॅलरीत जागा नको. अंगणात पाण्याची बादली ठेवून विझलेल्या तारा तिच्यात टाकाव्यात.

रांगोळी काढून टाकताना आधी मऊ केरसुणीने सगळी पूड कोरडीच सुपलीत भरावी आणि त्यानंतरच पोछा घ्यावा. ओल्या फडक्याने रंगीत रांगोळी पुसली, तर रंग पाण्याबरोबर सांध्यांत आणि दगडाच्या छिद्रांत उतरतो. हाच नियम कुंकवाला लागू आहे. हळदीचा डाग साबणाने किंवा सोड्याने लालसर होतो, तेव्हा घाबरून अधिक घासू नये. साध्या पाण्याने साबण काढून टाकावा. जिथे ऊन पोहोचते तिथला पिवळेपणा काही दिवसांत आपोआप फिका पडतो.

तेल सांडले की ते कागदाने टिपून घ्यावे, पुसून पसरवू नये. त्यावर टाल्कम पावडर किंवा मैदा दाबून काही तास ठेवावा, मग झाडून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवावे. संगमरवरात तेल आत मुरले असेल, तर खायच्या सोड्याचा घट्ट लगदा डागावर थापून, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि तो दिवसभर तसाच राहू द्यावा. लगदा सुकताना तेल ओढून घेतो. जुना डाग असल्यास हे दोन-तीनदा करावे लागते, आणि त्याला इलाज नाही. मेणबत्तीचे मेण बर्फाने कडक करून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हळू खरवडावे. चाकू वापरू नये.

चकाकीच गेली असेल तर घरगुती उपायांनी ती परत येत नाही, दगड घासून पॉलिश करणाऱ्या कारागिरालाच बोलवावे लागते. ते काम त्रिपुरी पौर्णिमेनंतर काढावे, कारण तुळशीच्या लग्नापासून तोपर्यंत दारात पणत्या लागतच असतात.