कॉलेजातल्या प्राध्यापकांनी आपला आधारगट कसा उभारावा

'मन मोकळं करायला या' असं आमंत्रण दिलं, तर स्टाफरूममधलं कुणी फिरकत नाही. 'कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल एकत्र बसून लावू' म्हटलं, की चौघं तरी येतात. म्हणून सुरुवात कामापासून करा. सहायक प्राध्यापकाला पहिली कॅस बढती पीएचडी असेल तर 4, एमफिल असेल तर 5 आणि दोन्ही नसेल तर 6 वर्षांनी मिळू शकते. नुकतेच त्यातून गेलेल्या कुणाची तरी फाइल मधोमध ठेवा. कुठलं प्रमाणपत्र सापडत नाही, रिफ्रेशर कोर्स का राहिला, हे सांगता सांगता माणूस आपसूक रात्री झोप लागत नाही इथवर येतो.

माणसं चार ते सहाच घ्या, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतली. एक नियम मात्र कडक पाळा: ज्यांच्या सहीवर तुमचं मूल्यमापन ठरतं, ते विभागप्रमुख या गटात नकोत. ते कितीही प्रेमळ असोत, त्यांच्यासमोर कुणीही 'माझा वर्ग माझ्या हातात राहत नाही' असं म्हणणार नाही.

पंधरा दिवसांतून एकदा, तासभर बसा. जागा स्टाफरूमबाहेरची हवी. कॅन्टीनचा कोपराही चालेल. वेळ ठरवताना सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, आधी विचारा. त्यांना घेतलेल्या तासिकांचेच पैसे मिळतात आणि अनेकजण एका दिवसात दोन कॉलेजं गाठतात. दुपारी चारची बैठक म्हणजे त्यांना न बोलावण्यासारखंच. आणि चहाचे पैसे पूर्ण पगारवाल्यांनी द्यावेत, न बोलता.

गट रुळला की एकमेकांच्या तासाला बसा. ज्याचा तास आहे, त्याने आधी एकच प्रश्न द्यायचा: 'मागच्या बाकांवरच्या मुलांचं लक्ष कधी सुटतं, तेवढं बघ.' बघणाऱ्याने तेवढंच बघायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. फॉर्म नाही, गुण नाहीत, आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, अहवाल तर नाहीच. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी फोटो काढायचा मोह होतो. तो काढला, की पुढच्या वेळी सगळे इस्त्री करून येतात आणि खरं कुणी बोलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवाच असेल, तर फक्त वेळ कळवण्यापुरता.

काही गोष्टी गटाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे आणि थकलेल्या पगाराचा प्रश्न संघटनेकडे न्यायचा. गटाने सोबत जायचं, निवाडा करायचा नाही. कुणी फारच खचलेलं दिसलं, तर 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. नंबर नुसता पाठवू नका, शेजारी बसून लावून द्या.

पेपर तपासणीच्या दिवसांत बैठक बुडणारच. तेव्हा कॅप सेंटरवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, एकत्र डबा खा, आणि पुढची तारीख तिथेच ठरवून टाका.